अस्मीची कुंची

शार्दूलनं कपडे धुतले, हाच त्याचा गुन्हा. एरवी वीस वर्षांचा मुलगा न सांगता स्वतः मशीन लावतोय म्हटल्यावर आपल्याकडच्या बायका त्याची दृष्ट काढतील. पण छायामावशी सकाळी बाल्कनीत आली, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर जांभळ्या खणाची ती चिमुकली कुंची तिला दिसली आणि ती मटकन खुर्चीत बसली.

"ही कुणी धुतली?"

"मी," शार्दूल म्हणाला. अजून त्याला शाबासकीची आशा होती. "मावशी, इट वॉज सो स्मेली. माझ्या सगळ्या बॅगेला वास लागला होता."

"अरे, तो वासच तर पाठवला होता तिनं."

शार्दूल जन्मला न्यू जर्सीत, कॉलेजही तिथलंच. एका सेमिस्टरपुरता तो इंग्लंडला, लीड्सला शिकायला आला होता. ईस्टरच्या सुट्टीत चिपळूणला मामेबहिणीचं लग्न होतं, ते आटोपून परत जाताना तो दोन दिवस शारजात, अल नहदामधल्या मावशीकडे उतरला होता. आज दुपारच्या विमानानं मँचेस्टर, तिथून लीड्स. चिपळूणहून निघताना शेजारच्या वाडीतली प्रज्ञा सासूला घेऊन आली होती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून बांधलेली ही कुंची तिनं त्याच्या हातात दिली होती. तिचा नवरा केरू दुबईत, रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो. मुलगी झाली तेव्हा तो इथंच होता, आणि रजा मिळणार ती दिवाळीत. अस्मी आता चार महिन्यांची आहे. तिचा चेहरा त्याला रोज फोनवर दिसायचा, रडणं ऐकू यायचं. फोनमधून येत नव्हता तो एक वास. म्हणून त्यानं बायकोला सांगितलं होतं की न्हाऊ घातल्यावर तिला रोज घालतेस ती कुंची पाठव, आणि धुऊ नको.

हे शार्दूलला सांगायला प्रज्ञा लाजली. अमेरिकेतल्या शिकलेल्या मुलाला असलं काही कसं सांगायचं? मावशीला मात्र केरूनं फोनवर सगळं सांगितलं होतं. तीही शार्दूलला बोलली नाही, कारण दुसऱ्याचं पार्सल उघडून कुणी धुवायला टाकेल हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. स्वप्नात न येणाऱ्या गोष्टी करायला आपली लेकरं परदेशी शिकतात.

शार्दूलला हे शिक्षण लीड्सनं दिलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यानं तिथल्या सामाईक स्वयंपाकघरात वरणाला हिंगाची फोडणी दिली. फ्लॅटमधली एक मुलगी आत आली, जानेवारीच्या थंडीत तिनं खिडकी सताड उघडली आणि हसत विचारलं, इथं काही मेलंय का? सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं शार्दूल हसला. मग खोलीत जाऊन त्यानं आपल्या जॅकेटची कॉलर हुंगली. न्यू जर्सीतही घराला हाच वास होता, पण तिथं अख्ख्या गल्लीला तोच असल्यामुळं तो कधी जाणवला नव्हता. आईनं दिलेली हिंगाची डबी त्यानं कचऱ्यात टाकली. त्या दिवसापासून त्यानं पास्ता धरला, आणि लेक्चरला जाण्याआधी स्वतःचा वास घ्यायची सवय लागली. तिथं सगळे त्याला 'आमचा अमेरिकन' म्हणायचे. ते ऐकायला त्याला आवडायचं, आणि अमेरिकन माणसाच्या कपड्यांना असला वास कसा, हे कुणी विचारील या भीतीनं तो अर्धमेला असायचा.

तर काल संध्याकाळी बॅग आवरताना त्या पिशवीची गाठ सुटलेली त्याला दिसली. खोबरेल तेल, वेखंड, ओव्याची धुरी आणि आंबूस दूध. त्याच्या डोळ्यांपुढं लीड्सची ती खिडकी उघडली. त्यानं बॅगेतले सगळे कपडे मशीनमध्ये टाकले, त्यात कुंचीही टाकली आणि वर दुप्पट सॉफ्टनर ओतला. चिपळूणपासून कुंचीभोवती गुंडाळलेला युनिव्हर्सिटीचा जाड स्वेटशर्ट तेवढा राहिला. तो सकाळपर्यंत वाळणार नाही म्हणून त्यानं तो एका पिशवीत घट्ट बांधून बॅगेच्या तळाशी ठेवला, लीड्सला गेल्यावर धुवायला.

आता कुंचीला लॅव्हेंडरचा वास येत होता.

"मी त्याला फोन करून सॉरी म्हणतो," शार्दूल म्हणाला.

"काही म्हणायचं नाही," मावशी उठली. "सकाळपासून तीन फोन आलेत त्याचे. चल, कढईखालचा गॅस लाव."

खरं सांगायचं तर शार्दूलला हायसं वाटलं. पुढं त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच गोष्टीची. मावशीनं खोबरेल कोमट करून कुंचीच्या कडांना चोळलं. वेखंड घरात नव्हतं. तव्यावर ओवा आणि लसणीची सालं टाकून तिनं धूर केला, शार्दूलनं कुंची वर धरली आणि मावशी एका हातानं धुराच्या अलार्मखाली टॉवेल हलवत राहिली. शेवटी चहाची दूध पावडर पाण्यात कालवून तिचे चार थेंब तिनं गळ्याशी लावले. शार्दूलनं हुंगून पाहिलं आणि मान हलवली. जमलं होतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं आपण म्हणतो. इथं तर मारुतीचाच शेंदूर पुसून त्याला सोंड लावली होती.

एअरपोर्टच्या वाटेवर ते रास अल खोरला वळले. केरू वर्कशॉपच्या गेटशी उभा होता. त्यानं कामाची डांगरी उतरवून इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हात कोपरापर्यंत साबणानं धुतले होते. मावशीचं माहेर त्याच्याच गावचं, म्हणून तो तिला ताई म्हणायचा.

"या ताई. दादा, लई उपकार झाले."

शार्दूलनं पिशवी दिली. केरूनं कुंची बाहेर काढली, दोन्ही हातांत धरून नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"हाच," तो म्हणाला. "आमच्या घरात असाच वास येतो."

आतून त्याचा जोडीदार हमदुल्ला आला. पेशावरचा, पाच लेकरांचा बाप. केरूनं कुंची त्याच्याही नाकाशी धरली.

"माशाल्ला," हमदुल्ला म्हणाला. "बिलकुल बच्चेवाली खुशबू."

मावशी समाधानानं हसली. शार्दूल गाडीच्या बॉनेटकडे बघत राहिला. आता दोन मिनिटं, मग गाडी, मग विमान, मग खलास. केरूनं कुंचीची घडी घातली आणि अचानक संकोचून विचारलं, "दादा, तुमच्या कपड्यांना वास नाय ना लागला? मी प्रज्ञाला म्हटलं होतं, दोन पिशव्यांत बांध. बाहेर शिकायला असतात ते, चार माणसांत त्यांना लाज वाटंल."

शार्दूलला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. ज्या लाजेपायी त्यानं हे सगळं केलं होतं, ती या माणसानं आधीच ओळखली होती, आणि तिची काळजीही केली होती.

"केरूदादा," तो म्हणाला. त्याचं मराठी आधीच अडखळतं, आता पार मोडलं. "मी ती वॉश केली. काल. हा वास तिचा नाही. आम्ही लावला, आज सकाळी, किचनमध्ये."

केरूनं कुंचीकडे पाहिलं. मग मावशीकडे.

"ताई, तुम्हाला ठावं होतं?"

मावशी हातातल्या गाडीच्या किल्लीकडे बघत राहिली. हमदुल्लाला मराठी कळत नव्हतं, त्यामुळं तो अजून हसतच होता.

शार्दूलनं डिकी उघडली, भर रस्त्यात बॅग उपसली आणि तळाची पिशवी काढली. "हा स्वेटशर्ट कुंचीभोवती होता. चिपळूणपासून. हा धुतला नाही. यात थोडासा असेल."

केरूनं तो लगेच घेतला नाही. लीड्सचं नाव छापलेला तो जाड कपडा तो नुसता बघत होता. मग त्यानं गाठ सोडली, पाठ फिरवली आणि टायरांच्या थप्पीआड गेला. शार्दूलला इथून फक्त त्याचे खांदे दिसत होते. मावशी रडत होती. शार्दूलला रडूही येईना.

केरू परत आला तेव्हा त्यानं पिशवीला पुन्हा गाठ मारली होती, दोनदा. "हाय," तो म्हणाला. "अंगावरच्या दुधाचा हाय. हा ठेवला तर चालंल? तिकडं थंडी असते म्हणतात."

"ठेवा. प्लीज ठेवा. आय ॲम सॉरी, दादा. मी धुवायला नको होती."

"धुतली त्याचं काय एवढं," केरू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "लेकरांचं कापड धुतातच. पण मी हमदुल्लाला वास दिला तवा तुम्ही दोघं बघत हुतात."

कुंची त्यानं खिशात घातली, स्वेटशर्टची पिशवी काखेत धरली आणि तो आत कामाला गेला.

विमानात एसी कडक होता आणि शार्दूलच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. बोटांना अजून खोबरेल आणि ओव्याचा वास येत होता. तो दोनदा उठून हात धुऊन आला, पण तो काही गेला नाही.