वधूची ओळ

त्या संगीत एकांकिकेतले जोडपे घरातून पळालेले. भटजी मिळत नाही, म्हणून गोदाकाठी दोघे आपले मंगलाष्टक आपणच म्हणतात. मित्र उपरण्याचा अंतरपाट धरतात. तीन ओळी वराच्या, चौथी वधूची, आणि तिच्या 'कुर्यात सदा मंगलम्'वर पडदा. चाल प्रफुल्लची, वरही तोच. नाशिकपासून घोटीपर्यंत जिथे प्रयोग झाला तिथे उपरण्यापलीकडून योगिनीचा स्वर यायचा आणि त्याला वाटायचे, विचारून झाले, उत्तरही मिळाले.

रंगमंचाबाहेर त्याने काहीच विचारले नव्हते.

"बाबांनी देवळ्याचं स्थळ पक्कं केलंय," शेवटच्या प्रयोगानंतर मुंडावळ्या सोडता सोडता ती म्हणाली.

तो पेटीचा भाता बंद करत राहिला. ती थांबली. बरीच थांबली.

"मास्तर, नाटक संपलं की तोंडाला कुलूप लावता का हो?"

"अभिनंदन," तो म्हणाला.

"बरं." मुंडावळ्या तिने त्याच्या पेटीवर ठेवल्या. "मग लग्नात ते मंगलाष्टक तूच म्हणायचंस."

आणि तो गेला. देवळ्याच्या मंगल कार्यालयात उन्हाने पत्रे तडतडत होते. गुरुजींची मंगलाष्टके झाली, माइक त्याच्या हाती आला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी; स्वर कुठे कापला नाही. तिसरीनंतर मात्र हात आपसूक खाली आला आणि तो सवयीने गप्प झाला. शब्द आठवत होते. पण ती जागा त्याची नव्हतीच कधी.

मांडव थबकला.

"ईसरी गया वाटस गाणारा," मागे एक बाई म्हणाली. तो ओळ विसरला असे समजून कोणी हसले.

तो अंतरपाटाच्या कडेला उभा होता. तिथून त्याला योगिनी दिसत होती. तिने मान वर केली. तिचे ओठ विलगले, श्वास भरून छाती उंचावली, जशी दर प्रयोगात उंचावायची. पाठीशी उभ्या मामांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ओठ मिटले.

"शुभमंगल सावधान," गुरुजींनी प्रसंग सावरला. अंतरपाट सरला, अक्षतांचा पाऊस पडला, बँड दणाणला.

त्याच्या मंगलाष्टकातले आशीर्वादाचे शब्द तेवढे राहून गेले होते. त्या गलक्यात, माइक खालीच धरून, प्रफुल्लने चौथी ओळ म्हणायला घेतली. ती त्याने योगिनीच्या गळ्यासाठी, वरच्या पट्टीत बांधली होती. 'मंगलम्'पर्यंत त्याचा आवाज पोचेना.