फिरती चांदणी आणि अंबूबाईंचा बोकड

मी जोतीराम हवालदारांची दुर्बीण बोलतेय. दोन नळ्यांची, कातडी पट्ट्याची. पलटणीतल्या जुन्या सामानाच्या लिलावात हवालदारांनी मला घेतलं आणि पेन्शनीवर आल्यावर म्हसवडजवळच्या आपल्या वस्तीवर आणलं.

इथं शत्रू कुठला? मग आकाश बघायचं! दिवेलागणीला हवालदार अंगणात बाजेवर आडवे होतात आणि फिरत्या चांदण्या हुडकतात. एखादा उपग्रह असतो, एखादं त्याला वर पोचवून रिकामं झालेलं रॉकेटचं नळकांडं. त्यांच्या बायकोला, अंबूबाईंना, माझा भारी राग. "सवत आणलीया," म्हणायच्या.

यंदा, एकोणऐंशी साली, आवई उठली: अमेरिकेची स्कायलॅब, आभाळात फिरणारी प्रयोगशाळा, पडणार, सगळे मरणार! मरायचंच तर उपाशी कशाला? वस्तीवर घरोघर मटण शिजलं. बोकडं संपली. उरला एकटा बाळ्या, अंबूबाईंनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेला.

एका संध्याकाळी एक ठिपका लुकलुकत आला आणि मधेच विझला. झालं! हवालदारांचा धाकटा भाऊ नाथाजी पळत आला. "पडली, वयनी! बाळ्याला सोडा. कापायला मुलाण्याला सांगावा धाडलाय."

अंबूबाईंनी बोकडाला मिठीच मारली. "आवं, त्या नळ्यांतनं काय दिसलं ते सांगा की!"

"नाथा, ती स्कायलॅब न्हवं रं. रिकामं रॉकेट हाय. कोलांट्या खातंय म्हणून लुकलुकतंय. पृथ्वीच्या सावलीत गेलं म्हणून विझलं. उद्या दिवेलागणीला परत येतंय."

"आन् न्हाई आलं तर?"

"तर बोकड तुझा."

काय हा माणूस! माझ्या काचाच धुरकटल्या.

दुसऱ्या दिवशी नेमके ढग. वस्ती जमली, मुलाणी सुरी घेऊन बसला. अंबूबाईंनी मला हिसकावून डोळ्यांना लावलं, तेही उलटं. हवालदारांनी सरळ केलं. तेवढ्यात ढगांत फट पडली.

"आलं! आवं, आलं की! लुकलुकतंय बघा!" अंबूबाई नाचायच्याच बाकी होत्या.

"पर खरी स्कायलॅब पडली तर, दादा?" नाथाजी पुटपुटला.

"बोकड खाल्ल्यानं ती थांबतिया व्हय रं?"

मुलाणीच पहिल्यांदा हसला.

स्कायलॅब पडली, पण लांब ऑस्ट्रेलियाकडं. आता माझ्या एका नळीत बुरशी चढलीय. कुणी जाणता भेटला तर साफ करून द्या, पण दिवेलागणीच्या आत परत आणा. त्या वेळी मी अंबूबाईंच्या हातात असते. हवालदार "एकदा बघू दे की गं" म्हणत ताटकळतात. आणि दारात नाथाजी आपली शेळी घेऊन उभा असतो, कारण सगळ्या वस्तीवर बोकड उरलाय एकच.

"थांबा जरा, भावजी," अंबूबाई माझ्यावरून डोळे न काढता म्हणतात, "माझी चांदणी यायची येळ झालीया."