इंझोरीचे जीव

कैलासचंदने काचपट्टीवर इंझोरीच्या तळ्यातल्या पाण्याचा थेंब सोडला, कारंजा गावातल्या पाण्याचा थेंब त्याला भिडवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चपलेच्या तळव्यासारखे दिसणारे ते एकपेशीय जीव, पॅरामेशियम, अंगावरची बारीक लव हलवत एकमेकांत मिसळले. आकार तोच, तोंडाची खाच तीच, पूर्वी रंग टाकून पाहिलेली केंद्रकंही तशीच. पण नुसत्या रूपावरून जात ठरत नव्हती. एका जातीचे असले तर त्यांच्या जोड्या लागतील, आनुवंशिक द्रव्याची देवाणघेवाण होईल, अशी त्याला आशा होती.

ते एकमेकांना घासून पुढे जात राहिले.

"आज किती मारले?"

दारात आई, जतनबाई, उभी होती. केंद्रकं दिसावीत म्हणून कैलासचंद रंग टाकतो आणि त्या रंगाने जीव मरतात, हे कळल्यापासून ती त्याच्यासोबत जेवत नसे, त्याच्या पुढ्यात ताट ठेवून मुकाट आत जाई. एकोणीसशे शहात्तरच्या त्या हिवाळ्यात या गोष्टीला दोन वर्षं होत आली होती. चाळिशी उलटलेला, लग्न न झालेला कैलासचंद कॉलेजातही प्राणिशास्त्राचा एकटाच मास्तर. या जिवांबद्दल बोलायला त्याला कुणी नव्हतं.

"एकबी नाही, माय. आज त्यायची जोडी जमते का, ते पाहून राह्यलो."

जतनबाई उंबऱ्यात घुटमळली. मग आत येऊन स्टुलावर टेकली.

"मंग? जमली?"

"नाही. दिसाले सारखे, पन जात अलग दिसते."

"म्हंजे इंझोरीचे ते एकटेच?"

"सध्या तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवरून आली. जैन रिवाजाप्रमाणे पाणी गाळून झालं की गाळणं धुऊन त्यातले जीव ती त्याच विहिरीत परत सोडायची, एकही दिवस न चुकता. आज त्या धुवणाच्या पाण्याचा लोटा तिने त्याच्यापुढे धरला.

"यात पाह्य. भेटंल त्यायले कोनी. पन रंग टाकू नको. झालं का इहिरीतच सोडजो."

कैलासचंदने दोन्ही हातांनी लोटा घेतला.

त्या पाण्यातही तसेच जीव निघाले. त्याने ते इंझोरीच्या थेंबात मिसळले. आई मागे बसून त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर सरकलं. विहिरीतले जीव आले, वळले, निघून गेले. कुणी कुणाजवळ थांबलं नाही.

"जमली काय रे?"

त्याने डोळा वर उचलला नाही.

"जमली, माय."

जतनबाई हसली.

"पाह्यलं? असतेच कुठं ना कुठं," म्हणत ती उठली. स्वयंपाकघरात पाट मांडल्याचा आवाज आला, मग आणखी एका पाटाचा. "ये लवकर. संगंच जेवू."

"आलो," तो म्हणाला.

पट्टीवरचा थेंबही त्याने हलकेच लोट्यात उतरवून घेतला आणि तो विहिरीकडे निघाला.