आईच्या आवाजात

घरात तिला पोपट म्हणत. कुणाचाही आवाज ती हुबेहूब काढायची. खोकत बोलणारे काका, नाकात बोलणारी शेजारीण, आणि सगळ्यात फर्मास म्हणजे आई. आईच्या आवाजात दटावून तिने धाकट्या भावाला लहानपणी कितीदा तरी अभ्यासाला बसवलं होतं. आई हसून विचारायची, "मी अशी भांडल्यासारखी बोलते होय गं?" तशीच बोलायची ती, पण तोंडावर कोण सांगणार?

त्या दुपारी दोघी मायलेकी विमानाने धाकट्याकडे निघणार होत्या. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि आई महिनाभर बॅग भरत, उपसत, पुन्हा भरत बसली होती. सकाळी त्याच बॅगेची चेन लावता लावता ती कलंडली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, पण पंधरा दिवस हलायचं नाव काढू नका. तिला काही कळतंय का, या प्रश्नावर त्यांनी नुसते खांदे उडवले.

विमानाला तीन तास होते. लेकीने खाटेशेजारच्या स्टुलावर बसून विमान कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी मोठी गोड बोलत होती, पण नियम आडमुठा होता. आजारपणासाठी तारीख पुढे ढकलता येईल, मात्र प्रवाशाने स्वतः फोनवर तसं सांगायला हवं, बोलणं नोंदवलं जातं. नाहीतर कागदपत्रं पाठवा, त्याला दोन दिवस लागतील. तोवर तिकीट बुडालेलं असणार.

"त्यांना बोलता येत नाही हो," असं सांगायला तिने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "थांबा, देते."

मग आईच्या आवाजात तिने नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, नवी तारीख मागाहून कळवते म्हणाली. "लवकर बऱ्या व्हा, आजी," ती मुलगी म्हणाली. "होते गं," असंही हिने ऐटीत म्हणून टाकलं. काम फत्ते झालं आणि तिला चक्क हसू आलं.

तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण लगेच धाकट्याचा फोन आला. आईला हॉस्पिटलात आणलंय पण ठीक आहे, एवढंच तिने त्याला सकाळी कळवलं होतं, वाचा गेल्याचं सांगितलं नव्हतं. निदान त्याचा आवाज आईच्या कानावर पडावा म्हणून तिने स्पीकर लावला.

"ताई, मी तिकीट काढलंय. तासाभरात घरातून निघतो," तो म्हणाला. "ठीक आहे ठीक आहे असं तू म्हणतेस, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. आईला दे. ती बोलली तरच थांबतो."

बायको नवव्या महिन्यात, जवळ दुसरं कुणी नाही, आणि हा सगळं टाकून निघालेला. शिवाय धोका तर टळला होता. तिने घसा खाकरला.

"बाळ्या, अरे मी ठणठणीत आहे. तिला एकटीला टाकून धावत कशाला येतोस? मुळीच येऊ नकोस."

पलीकडे तो रडला, मग हसला. "बरं, आई. नाही येत. पुढची तारीख घेतो, बाळाला घेऊनच येतो."

तेवढ्यात तिची बाही ओढली गेली. आईचा डावा हात होता तो. आईचे डोळे सताड उघडे होते आणि ती फोनकडे बघत बाही ओढत होती. आईला काय हवंय ते लेकीला कळलं. कळूनही ती "ठेवते रे, दमले," म्हणाली आणि तिने फोन बंद केला. बाही सोडवायला तिला आईचं एकेक बोट उचलावं लागलं.

संध्याकाळी त्याला खरं सांगू, असं तिने ठरवलं. संध्याकाळी वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली.

त्यानंतर तो आवाज तिची पाठ सोडीना. दारावर कुणी आलं आणि आतून तिने "कोण आहे?" म्हटलं की आवाज आईचाच निघायचा. शेजारीण एकदा जिन्यातूनच परत फिरली. एका दुपारी विमान कंपनीचा फोन आला, "आजी, नवी तारीख कोणती धरू?" ती "कळवते गं," म्हणाली, आईच्याच आवाजात, आणि मग हातातला फोन तिने उशीखाली दाबून धरला. ती घरात बोलेनाशी झाली. आई ऐकत असेल, अशी तिला भीती वाटायची.

बाळंतपणामुळे तेव्हा येऊ न शकलेला धाकटा दोन महिन्यांनी बायको-बाळाला घेऊन आला. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात बाळाला खांद्यावर थोपटत तो म्हणाला, "जाताना माझ्याशी दोन शब्द बोलली, ताई. तेवढ्यावर मी तगलोय." मग म्हणाला, "एकदा तिचा आवाज काढ ना. या पोरीला ऐकू दे."

ती ओट्याला टेकली. कितीतरी दिवसांनी तिचा स्वतःचा आवाज फुटला, घोगरा आणि बारीक.

"त्या दिवशी फोनवर मी होते."

तो ओरडला नाही. बाळाला थोपटणारा हात तेवढा थांबला.

"आई जागी होती?"

"हो."

"तू बोललीस ते तिने ऐकलं?"

"हो."

"आणि मी 'बरं, नाही येत' म्हणालो, ते?"

तिने मान खाली घातली. "तेही."