उतरलेलं बिल

धम्मदीपला सूर्याबद्दल कुणी काही विचारू नये. विचारलं की माणसाची बस चुकलीच म्हणून समजावं. सिंगापूरच्या एका संशोधन संस्थेत तो सौरऊर्जेवर काम करायचा आणि सूर्य आपल्या आजोळचा असावा तसं बोलायचा. वडील नागपूरहून राहायला आल्यापासून तर बोलायलाच नको, कारण आता घरातच एक हक्काचा श्रोता आला होता.

उत्तमरावांचा सगळा जन्म कोळशावर चालणाऱ्या एका वीज केंद्रात राख उपसण्यात गेला होता. ती राख छातीत जाऊन बसली ती बसलीच. सिंगापूरच्या बेडोक भागातल्या फ्लॅटमध्ये त्यांच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असे. नाकाला नळी लावलेला म्हातारा शेजारच्या चिनी आजोबांना हातवारे करून सांगे, की मी काळा धूर गिळला, पण माझा पोरगा उन्हाची वीज करतो. आजोबांना किती कळत होतं देव जाणे, पण ते मान डोलवत.

आंबेडकर जयंतीला मराठी मंडळी एका हॉलमध्ये जमली. धम्मदीपला विज्ञानावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं, तो अर्थातच तासभर बोलला. ऊन फुकट आहे, तेव्हा वीज स्वस्त होणारच, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. हार्बरफ्रंटला जहाज कंपनीत असलेला रत्नदीप मागून उठला. आमच्या ब्लॉकच्या छपरावर पॅनेलं आहेत, त्यांच्यावर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालतात, मग माझ्या घरचं बिल का उतरत नाही, असं त्याने विचारलं. इथली बहुतेक वीज अजून गॅसवर होते, असं म्हणत धम्मदीप गॅसच्या दरांबद्दल बोलू लागला, तशी लोकांत खसखस पिकली. शेवटी रत्नदीप म्हणाला, बोलाचीच कढी नको, बुद्धपौर्णिमेला तुझ्या घरचं उतरलेलं बिल आण. धम्मदीप आणतो म्हणाला. पहिल्या रांगेत उत्तमराव ऑक्सिजनचा फिरता सिलिंडर शेजारी घेऊन बसले होते. त्यांनी मागे वळून रत्नदीपकडे पाहिलं. लोक आपल्या पोराला हसले, हे त्यांना फार लागलं.

धम्मदीपने त्याच आठवड्यात विजेचा दर वेळेनुसार बदलणारी योजना घेतली. ऊन असेतो वीज स्वस्त, आणि संध्याकाळी सहा ते नऊ महाग, कारण तेव्हा ऊन उतरतं आणि सगळं गॅसवर चालतं. त्याने घरच्यांना समजावलं, की धुणं, इस्त्री सगळं दुपारी उरकायचं आणि महाग वेळात गरज नसेल ते बंद ठेवायचं. दुपारच्या धुण्याचं काम उत्तमरावांनी स्वतःहून घेतलं. आपल्यालाही या कामात धरलं, या आनंदात ते होते. धम्मदीप आणि त्याची बायको दीक्षा दोघंही शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुरोंगकडे कामाला, घरी यायला नऊ वाजून जात.

बिल उतरलं, आणि चांगलं उतरलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणत धम्मदीपने ते बुद्धपौर्णिमेला सगळ्यांना दाखवलं. खीर खाता खाता रत्नदीपने हात जोडले. उत्तमराव त्या दिवशी खुर्चीतून उठू शकले नाहीत, पण त्यांचा चेहरा असा फुलला होता की दीक्षाला डोळे पुसावे लागले. म्हाताऱ्याला इथली दमट हवा बाधते आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. हवेवर ढकललं की कुणालाच काही करावं लागत नाही.

पुढच्या महिन्यात एकदा धम्मदीप दिवेलागणीलाच घरी आला. घरात अंधार होता आणि घरघर ऐकू येत नव्हती. उत्तमराव पलंगाच्या कडेला दोन्ही हातांनी गादी धरून बसले होते. ओठ जांभळे पडले होते. मशीनचं बटण बंद होतं. धम्मदीपने ते चालू केलं, दिवा लावला आणि अँब्युलन्सला फोन केला, पण वडिलांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. चोरी पकडली गेल्यासारखा एक ओशाळलेपणा होता.

"रोज?" त्याने विचारलं.

"नऊ वाजले का लावतो ना," ते एकेक शब्द तोडत म्हणाले. "तुह्या शब्दाची गोष्ट होती. लोकाईसमोर."

धम्मदीपने रोजच्या कामात हजारो घरांची वीज तपासली होती. स्वतःच्या घरचं बिल का उतरलं, हे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही, कारण ते उतरायला हवं होतं आणि उतरलं होतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने सांगितलं, की त्या बंद तासांचा ताण हृदयावर पडला आहे आणि आता ते भरून येणार नाही. धम्मदीप हे ऐकून कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडला.

घरी आणल्यावर त्याने पहिलं काम केलं ते योजना रद्द करण्याचं. आता चोवीस तास एकच दर आहे, हे त्याने बाबांना परत परत सांगितलं. ते हो म्हणत. एका संध्याकाळी तो पाणी आणायला आत गेला आणि घरघर थांबली. परत आला तर बाबांचं बोट बटणावर होतं. दर एक असला म्हणून काय झालं, त्यांना बिल उतरलेलंच हवं होतं. रत्नदीप पुन्हा विचारणार होता.

धम्मदीप त्यांच्यासमोर खाली बसला. दुपारी ऊन खरंच दर पाडतं आणि संध्याकाळी गॅस तो चढवतो, हे त्याला पाठ होतं. ते सांगून उपयोग नव्हता. ऊन दर पाडतं, एवढा अर्धा भाग बाबांना पुरला असता आणि तेवढ्यासाठी ते मशीन बंद करून जीव देत राहिले असते.

"बाबा, उन्हाच्या विजेनं बिल उतरत नाही. कुणाचंच नाही. मी लोकांसमोर खोटं बोललो."

उत्तमरावांनी बटणावरचं बोट तसंच ठेवलं.

"मंग आमचा कोळसाच बरा होता म्हण."

त्यांच्या छातीतून तीच राख शीळ घालत होती.

"हो बाबा," धम्मदीप म्हणाला. "कोळसाच बरा होता."

म्हाताऱ्याने बटणावरचा हात काढून घेतला. धम्मदीपने मशीन लावलं, नळी नीट केली. उत्तमरावांनी ती नीट करू दिली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.