रेणूची थरथर

गिरिजा डब्लिनच्या एका छोट्या स्टुडिओत रेणूंच्या फिल्म बनवायची. औषध शरीरात गेल्यावर काय करतं, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून औषध कंपन्या अशा फिल्म करून घेतात. कुठला अणू कुठल्या क्षणी कुठे असतो याचे आकडे संशोधकांकडून यायचे, आणि गिरिजा त्यांना रंग, उजेड आणि गती द्यायची. गतीच्या कामात तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं.

एकदा फुप्फुसं आक्रसत जाण्याच्या आजारावरच्या नव्या औषधाचं काम आलं. चाचणीत भाग घेऊ शकणाऱ्या पेशंटना दाखवायची दीड मिनिटाची फिल्म होती. आकड्यांप्रमाणे औषधाचा रेणू प्रथिनाच्या खोबणीत शिरायचा, तिथे सतत थरथरायचा, आणि शंभरातल्या चाळीस वेळा निसटून बाहेर यायचा. गिरिजाने तसंच दाखवलं.

"हे बघून माणूस घाबरेल," कंपनीचा डेक्लन मीटिंगमध्ये म्हणाला. "एकदाच येऊ दे, अलगद बसू दे, आणि तिथेच राहू दे. बाकी सगळं मस्त आहे."

गिरिजाने थरथर शून्यावर आणली, रेणू खोबणीजवळ येता येता हळू होईल असं केलं आणि बाहेर पडण्याच्या फ्रेम उडवल्या. अर्ध्या दिवसाचं काम. फिल्म देखणी झाली होती. ती नंतर विसरूनही गेली.

आठ महिन्यांनी ती पद्माकरकाकांना भेटायला डब्लिनच्याच टॅला भागातल्या हॉस्पिटलात गेली. आयर्लंडमध्ये नवी आली तेव्हा सहा महिने ती काका आणि शोभनाकाकूंकडेच राहिली होती. काका वीस वर्षं एका औषध कारखान्यात केमिस्ट होते. आता नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि एका वाक्यात दोनदा थांबावं लागत होतं.

"नव्या औषधाच्या चाचणीत आहे मी," त्यांनी फोन पुढे केला. "हे बघ. कसं बसतं बघ."

गिरिजाने आपलीच फिल्म पाहिली. शेजारी काकू संत्रं सोलत होत्या. "रोज सकाळी बघतात," त्या म्हणाल्या. "मलाही धीर येतो गं."

गिरिजाने फोन परत दिला. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा भेटायला आली असताना काकू खाली चहा आणायला गेल्या, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. फिल्म तिची होती, रेणू तसा बसत नव्हता, तिने तो बसवला होता.

काकांनी नाकातली नळी नीट केली.

"किती वेळा सुटतो?"

"शंभरात चाळीस. म्हणजे औषध निरुपयोगीच आहे असं नाही, काका, पण..."

"अगं, शरीराच्या सदतीस डिग्रीला कुठला रेणू गप्प बसतो? मी केमिस्ट आहे. पहिल्यांदा बघितली तेव्हाच कळलं मला." ते श्वासासाठी थांबले. "तरी रोज बघतो. हिला मात्र सांगू नकोस."

गिरिजाने शब्द दिला. त्याच दुपारी तिने डेक्लनला लिहिलं, की फिल्म बदलू या, मी फुकट करून देते. उत्तर आलं की ती सहा भाषांत गेली आहे, आता हात लावता येणार नाही. तिने पुन्हा लिहिलं तेव्हा तिच्याच बॉसने तिला बोलावून घेतलं आणि हा विषय बंद करायला सांगितलं.

फेब्रुवारीत काका गेले.

दिवस झाल्यावर ती काकूंना भेटायला गेली. घरात काकांची ऑक्सिजनची मशीन अजून भिंतीशी होती, मशीन देणाऱ्या कंपनीचा माणूस न्यायला यायचा होता.

"औषध तर नीट बसलं होतं," काकू म्हणाल्या. "यांचंच शरीर थकलं होतं. माझी मैत्रीण वसुधा, तिच्या भावाला हाच आजार निघालाय, गॉलवेला असतो. चाचणीत जायची त्याची काही तयारी नाही म्हणे. मी कालच तिला फिल्म पाठवली. म्हटलं, बघितल्यावर सही करेल."

गिरिजाच्या हातातला कप खाली ठेवायला तिला जागा सापडेना. शेवटी तिने तो जमिनीवरच ठेवला आणि काकांना दिलेला शब्द मोडला.

 सगळं ऐकून काकूंनी एकच विचारलं.

"यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि दोघांनी मिळून मला..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. मग फोन उचलून वसुधाला लावला. आवाज स्थिर ठेवायची त्यांची धडपड गिरिजाला दिसत होती.

"वसुधा, ती फिल्म बघून काही ठरवू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, औषध किती जणांना लागू पडलंय, किती जणांना नाही. नुसतं विचारू नका, लिहून घ्या." पलीकडून काही प्रश्न आला असावा. "नाही, यांच्या बाबतीत काय झालं ते मला माहीत नाही. आता कळायचंही नाही."

फोन ठेवून त्या मशीनकडे बघत बसल्या. गिरिजा उठून जवळ गेली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवणार होती.

"नको," काकू म्हणाल्या. "तू आता जा, गिरिजा. आणि मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस."

पुढच्या महिन्यात गिरिजाने स्टुडिओ सोडला. काकूंनी तिला पुन्हा बोलावलं नाही. वसुधाच्या भावाने चाचणीत नाव घातलं, असं तिच्या कानावर आलं; ते फिल्म बघून की आकडे लिहून घेऊन, हे मात्र कळलं नाही.