गोडीची पाठवणी

गावाचं नाव सांगत नाही. बीड जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे, नाहीतर उद्या कुणीतरी भांडायला दारात यायचं. तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या फाटकावर पाटी होती: वन्यजीवांचे संवर्धन, जनतेचे शिक्षण, निरोगी करमणूक. निजामाच्या काळात कुणा तालुकदारानं हरणं पाळायला ही बाग लावली. तो गेला, मग नगरपालिकेनं पिंजरे बांधले. एके काळी रविवारी चौसाळ्यापासूनची पोरं एसटीनं मगर बघायला यायची. मगर हलायची नाही म्हणून पोरं तिला खडे मारायची. जनतेचं शिक्षण झालं ते एवढंच.

पुढं सगळं उताराला लागलं. मगर मेली, अजगर मेले, मोर कुत्र्यांनी खाल्ले, उरलेली हरणं दुसरीकडं गेली. पिंजरे लहान म्हणून दिल्लीनं मान्यता काढून घेतली. शेवटी राहिली एक म्हातारी बिबट्याची मादी, गोडी, आणि तिला पंधरा वर्षं हातानं खाऊ घालणारा निवृत्ती.

गोडी उसात सापडलेली. तोडणीच्या टोळीला पाचटात मांजराएवढं पिल्लू दिसलं आणि त्यांनी ते पोत्यात घालून थेट बागेत आणून दिलं. निवृत्तीनं त्याला शेळीच्या दुधावर जगवलं. त्याला आणि साखराबाईला मूलबाळ नव्हतं. चहाच्या टपरीवर लोक चेष्टा करायचे, "काय बे निवृत्ती, लेकीला स्थळ बघतो का न्हाई?" तोही हसायचा. आता लेकीचे निम्मे दात पडले होते आणि मांस बारीक चिरून द्यावं लागायचं.

घाटाकडच्या एका मोठ्या वन्यप्राणी केंद्रानं गोडीला घ्यायचं कबूल केलं तेव्हा निवृत्ती दोन दिवस पिंजऱ्यापासून हलला नाही. मग जनावरांच्या सरकारी डॉक्टर करिष्मा मॅडमनी त्याला मोबाईलवर तिथले फोटो दाखवले. झाडं, पाण्याचं टाकं, पळायला एकरभर जागा. गोडी जन्मात दहा पावलांच्या पुढं सरळ चालली नव्हती. "जगू द्या तिला चार वर्षं तिथं," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याला एकच घोर लागला: म्हातारी धडपणी पोचावी.

गाडी मंगळवारी यायची होती. मॅडमनी बजावलं, "मामा, तिला बेशुद्ध करायचं आहे. पोटात काही जाऊ देऊ नका." निवृत्तीनं मान हलवली. का, ते त्यानं विचारलं नाही आणि मॅडमनी सांगितलं नाही. सांगायला त्यांना वेळ कुठं होता? तीन तालुक्यांची जनावरं त्यांच्या एकटीच्या गळ्यात होती.

गोडी रविवारी जेवली होती. सोमवारी मांसखाऊ जनावरांचा उपास असतो, तसा नियमच आहे. निवृत्ती तो परळीच्या वैजनाथाच्या नावानं धरायचा आणि स्वतःही धरायचा. मंगळवारी मॅडमच्या सांगण्यावरून पुन्हा काही नाही. आणि मंगळवारी दुपारी फोन आला की मांजरसुंब्याच्या घाटात गाडीचा पाटा तुटलाय, उद्या सकाळी येऊ, तोवर तसंच ठेवा.

ठेवा म्हणणाऱ्याचं काय जातं! गोडी दिवसभर जाळीला नाक लावून बसली. निवृत्ती दिसला की उठायची, त्याचे रिकामे हात हुंगायची आणि परत बसायची. त्याच्या घशाखालीही घास उतरला नाही.

बुधवारी सकाळी साखराबाई त्याच्यावर उखडली. "आवं, लेक वाटंला निघाली अन् तुमी तिला उपाशी धाडायलेत?"

"मॅडम नगं म्हणल्यात."

"म्हणू द्या. म्हाताऱ्याला अन् आजाऱ्याला देव बी उपास माफ करतोय. दोन घास दिल्यानं काय व्हतंय?"

निवृत्तीलाही तेच वाटत होतं. लहानपणी आईबापाबरोबर तो ऊसतोडीला जायचा. मुकादम कितीही शिव्या घालो, ट्रकचा हॉर्न कितीही वाजो, भाकरी खाल्ल्याशिवाय आई कुणाला ट्रकवर चढू द्यायची नाही. उपाशीपोटी कुणाला घराबाहेर काढू नये, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तो तडक बाजारात गेला, शेळीचं काळीज घेतलं, बारीक चिरलं आणि जाळीतून एकेक तुकडा दिला. दोन घास म्हणता म्हणता पुडकं संपलं. गोडीनं चावलंसुद्धा नाही, नुसतं गिळलं. मग त्याची बोटं चाटली. त्याला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

तासाभरानं गाडी आली. मॅडम उतरता उतरता म्हणाल्या, "मामा, पोट रिकामं आहे ना?"

"हाय," निवृत्ती म्हणाला. गोडीबद्दल तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता. हेही त्याला खोटं वाटलं नाही. दोन घास म्हणजे काही जेवण नव्हे.

मॅडमनी नळीतून फुंकून औषधाची सुई मारली. गोडी दचकली, दोन फेऱ्या मारल्या, मागचे पाय लटपटले आणि ती भिंतीशी बसली. निवृत्ती जाळीशी उभा राहून "झोप, बाई, झोप" म्हणत होता. तिची मान खाली गेली. आणि मग तिचं पोट ढवळून आलं. एकदा, दोनदा. तोंडातून लाल तुकडे बाहेर पडले. उरलेले बाहेर येईनात, आणि खोकायची शुद्ध तिला उरली नव्हती.

"दार उघडा!" मॅडम ओरडल्या.

निवृत्तीनं दार उघडलं. मॅडमनी जीभ ओढली, हात घशात घातला, काळजाचे तुकडे मुठीनं काढले. गाडीबरोबर आलेल्या दोघांनी तिला उताणी केली, उलटी धरली, छाती दाबली. निवृत्तीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. अर्ध्या तासानं मॅडमनी त्यांना थांबवलं.

मॅडमचे हात कोपरापर्यंत माखले होते. त्यांनी त्या तुकड्यांकडं पाहिलं. सुरीनं नीट बारीक चिरलेले होते.

"वय झालं होतं, असं लिहिते मी," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचं नाव येणार नाही."

निवृत्तीनं विचारलं, "मॅडम, म्हंजी हे खाल्ल्यामुळं झालं?"

त्यांना खोटं बोलता आलं असतं. "औषधानं उलटी होते," त्या म्हणाल्या. "बेशुद्धीत ती श्वासनळीत जाते. म्हणून उपाशी ठेवायचं असतं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

निवृत्ती गोडीच्या तोंडावरचं रक्त आपल्या उपरण्यानं पुसत राहिला.

"सांगितलं असतं तर न्हाई दिलं असतं, मॅडम," तो म्हणाला. "सांगायचं व्हतं."